तिरकी रेघ आणि ऱ्हस्व वेलांटी

परवा रात्री साडेदहाला पुतणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा सावंतवाडीजवळ देशी झाडांची रोपवाटिका चालवतात. सुरंगी, बकुळ, नागकेशर, रातांबा अशी रोपं. पावसाळ्याआधी त्यांनी वेबसाइट केली. फोटो मन लावून काढले, प्रत्येक झाडावर दोन-दोन परिच्छेद स्वतः लिहिले. "काकू, तीन आठवडे झाले गं. गूगलवर रोपवाटिकेचं नाव टाकलं तरी आपली साइट येत नाही. तू बघशील का जरा?"

मी लॅपटॉप उघडला, पानाचा सोर्स काढला आणि वरच्या काही ओळींतच उत्तर सापडलं. नोइंडेक्स. साइट अर्धवट असताना ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये तिने शोधयंत्रांना नकार देणाऱ्या चौकटीत खूण केली होती. साइट सुरू झाली आणि खूण तशीच राहिली. ती काढायला दहा सेकंद लागली. पण फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. अगदी हीच चूक मी २००१ साली केली होती. तेव्हा चौकटीतली खूण नव्हती, एक तिरकी रेघ होती.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल तेव्हाही होती. वेबवर फिरणारी यंत्रं लहान सर्व्हरांवर तुटून पडायची, म्हणून १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर या डच अभियंत्याने ही सोय सुचवली. साइटच्या मुळाशी एक साधी मजकुराची फाइल ठेवायची आणि आत लिहायचं की अमुक खोलीत येऊ नका. त्यात 'डिसअलाउ' हा शब्द लिहून पुढे काहीच लिहिलं नाही, तर सगळं घर उघडं. त्याच शब्दापुढे एक तिरकी रेघ दिली, तर सगळं घर बंद. फरक एका रेघेचा. आमच्याकडे एका सहल कंपनीच्या नव्या साइटचं काम होतं. चाचणीच्या प्रतीत मी ती रेघ दिली होती आणि सगळ्या फायली एफटीपीने खऱ्या सर्व्हरवर चढवल्या तेव्हा तीही बरोबर गेली. मार्च महिना होता. त्या काळी गूगलची यादी साधारण महिन्यातून एकदा नवी व्हायची. आम्ही त्याला गूगल डान्स म्हणायचो आणि ते दिवस आले की रात्र-रात्र निकाल ताजे करत बसायचो. एक फेरी आमच्याशिवाय गेली. माझ्या लक्षात येऊन दुरुस्ती होईपर्यंत दुसरीही गेली. मे संपला. उन्हाळी सहलींचा सगळा हंगाम त्या कंपनीच्या मालकाने साइटविना काढला, आणि तरी माझ्यावर आवाज चढवला नाही. ते मी विसरलेले नाही.

आज पुतणीची तीच चूक सर्च कन्सोलमध्ये दिसली असती. साइट आपली आहे हे एकदा सिद्ध केलं की गूगल स्वतः सांगतं, हे पान वाचलं, हे वाचलं पण यादीत घेतलं नाही, हे नोइंडेक्समुळे सोडलं. हे सगळं फुकट. आम्हाला असं कुणी सांगत नव्हतं. आम्ही सर्व्हरचा लॉग उतरवून घ्यायचो, हजारो ओळींची फाइल, आणि त्यात यंत्रांची नावं शोधायचो. त्या वेळच्या शोधयंत्रांपैकी अल्टाव्हिस्टाच्या यंत्राचं नाव स्कूटर, इंक्टोमीच्या यंत्राचं स्लर्प. पहिल्यांदा लॉगमध्ये गूगलबॉट दिसला तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना मी खुर्चीवरून उठवून दाखवायला आणलं होतं. कोण आलं, कुठल्या पानावरून परत गेलं, कुठे त्याला ४०४ मिळाला, हे त्या ओळींवरून ताडायचं. आजच्या मुलांना माझं सांगणं आहे, कन्सोल बघाच, पण एकदा तरी कच्चा लॉग उघडून वाचा. आपल्या साइटवर यंत्र कसं चालतं हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच आलेखातून कळत नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नव्या साइटवाल्यांचा गोंधळ बहुतेक याच जागी होतो. रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स यांचं काम वेगळं आहे. फाइल सांगते, आत येऊन वाचू नका. नोइंडेक्स सांगतं, वाचा पण यादीत घेऊ नका. दोन्ही एकदम लावलं तर यंत्र दारातूनच परत जातं आणि आतली नोइंडेक्सची चिठ्ठी त्याला कधी दिसतच नाही. मग दुसऱ्या कुणी त्या पानाला लिंक दिली असेल, तर पत्ता यादीत येऊ शकतो. लपवायचं पान खरंच लपवायचं असेल तर त्याला पासवर्ड लावावा. रोबोट्स फाइल कुणीही उघडून वाचू शकतं. तिथे गुप्त फोल्डरांची नावं लिहिणं म्हणजे चोराला पत्ता देणं.

पण मला मनापासून आठवतं ते १९९९ सालचं दिवाळी अंकाचं काम. पुण्यात नारायण पेठेत दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. संपादक स्वतः जिना चढून यायचे, हातात फ्लॉप्यांची पिशवी. अंक आधीच डीटीपीवर लागलेला असायचा. तो आम्ही शिवाजी फॉन्टमध्ये आणून साइटवर चढवला. कथा, कविता, दोन परिसंवाद, एक व्यक्तिचित्र. अनुक्रमणिकेवर टिचकी मारली की लेख उघडायचा. संपादकांनी मॉनिटरच्या काचेला बोट लावून स्वतःचं संपादकीय पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "आता अमेरिकेतल्या माणसालाही हे सापडेल."

सापडणार नव्हतं. मला ते तेव्हा नीट माहीत नव्हतं, आणि म्हणून त्या वाक्याची टोचणी आजवर आहे.

शिवाजी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. आपल्या डोळ्यांना 'क' दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तिथे कुठलंतरी इंग्रजी अक्षर असायचं. वाचकाकडे फॉन्ट नसला तर त्याला अख्खी कथा रोमन अक्षरांचा चिवडा दिसायची. म्हणून प्रत्येक मराठी साइटच्या पहिल्या पानावर फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना असायची, कसा बसवायचा याच्या पायऱ्यांसकट. पुढे डायनॅमिक फॉन्ट आले. एक्सप्लोररसाठी एक फाइल, नेटस्केपसाठी दुसरी. माणसाची सोय झाली, यंत्राची नाही. स्कूटर आमच्या साइटवर येत होता, लॉगमध्ये त्याच्या ओळी होत्या. त्याने अख्खा अंक वाचला आणि त्याच्या हाती चिवडाच लागला. शोधपेटीत मराठी टाइप करायची सोय बहुतेकांकडे नव्हती, त्यामुळे कुणाला चूकही कळली नाही. आम्ही पानाच्या डोक्यात इंग्रजीत वर्णन आणि वीस-पंचवीस कीवर्ड लिहायचो आणि अंक त्या चार इंग्रजी शब्दांवर उभा असायचा. बाकीची दीडेकशे पानं यंत्राच्या दृष्टीने नव्हतीच.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण आमच्या टेबलांवर विंडोज ९८ होतं. विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला, र. कृ. जोशींनी घडवलेला, आणि मराठी अक्षर पहिल्यांदा सर्वसाधारण संगणकावर अक्षर म्हणून साठवलं जाऊ लागलं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडवरच. तरीही वर्तमानपत्रं, प्रकाशक, संस्था यांना जुने फॉन्ट सोडायला अनेक वर्षं लागली. त्या वर्षांत मराठीत जे लिहिलं गेलं त्यातलं किती शोधयंत्रांपर्यंत पोचलंच नाही, याचा विचार केला की मला आजही वाईट वाटतं.

पुतणीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. ती फोनवर बोटं फिरवते आणि मराठी उमटतं. तरी अक्षराचं प्रकरण पूर्ण मिटलेलं नाही, हे मी तिला तिच्याच साइटवर दाखवलं. तिने एका पानावर 'पांढऱ्या चाफ्याचं रोप' असं लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर तोच शब्द तिच्या नवऱ्याने टाइप केला होता. दिसायला दोन्ही सारखे. पण यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ चा पाय मोडून. दुसरी, साध्या र चा पाय मोडून आणि पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड देऊन. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. तिच्या साइटच्या शोधपेटीत एक टाकलं की दुसरं पान येत नव्हतं. 'ॲप'मधल्या ॲचंही तसंच. तो स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र देत, अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. मोठी शोधयंत्रं यातलं बरंचसं सांभाळून घेतात. पण आपल्या साइटवर एकच पद्धत ठेवावी, विशेषतः शीर्षकांत.

शीर्षकांवरून आठवलं. तेव्हा असंख्य साइट्सच्या पट्टीवर 'अनटायटल्ड डॉक्युमेंट' असं झळकायचं, कारण ड्रीमवीव्हर नव्या पानाला आपणहून तेच नाव द्यायचा. फ्रंटपेजवाल्यांचं 'न्यू पेज १'. शोधयंत्राच्या निकालात जी निळी ओळ दिसते ती बहुधा याच शीर्षकातून येते, आणि लोक तीच रिकामी सोडत. पुतणीच्या साइटवर शेहेचाळीस झाडांची शेहेचाळीस पानं, आणि सगळ्यांचं शीर्षक एकच, रोपवाटिकेचं नाव. मी तिला म्हटलं, प्रत्येक पानाला त्या झाडाचं नाव दे, आणि माणसं ज्या नावाने विचारतील तीही नावं मजकुरात येऊ देत. पुण्याचा माणूस कोकम म्हणेल, तुझ्या गावचा रातांबा, आणि गोव्याचा भिरंड. हे तिला लगेच पटलं, कारण गिऱ्हाईक दारात येऊन हेच शब्द बोलतं.

गिऱ्हाइकाचे शब्द एकदा प्रामाणिकपणे लिहिणं आणि तेच शब्द पानभर कोंबणं यात अंतर आहे. ते अंतर त्या काळात फार जणांनी पाळलं नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शंभर वेळा तोच शब्द लिहिणं, यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवणं, असले उद्योग सर्रास चालत. मी ते करायला नकार दिला म्हणून दोन कामं गेली. २००९ मध्ये गूगलने जाहीर सांगितलं की पानाच्या डोक्यातला कीवर्डांचा तो टॅग आम्ही क्रमवारीसाठी वापरत नाही. तरी आजही कुणीतरी नव्या दुकानदाराला त्याचे पैसे लावतं. देऊ नका.

आणि नोंदणी! आज कुणाला खरं वाटणार नाही, पण आपली साइट आहे हे तेव्हा दारोदार जाऊन सांगावं लागायचं. अल्टाव्हिस्टाला एक अर्ज, इन्फोसीकला एक, लायकॉसला एक. याहूची यादी तर माणसं वाचून बनवायची. आपला विभाग शोधायचा, पंचवीस शब्दांत वर्णन लिहायचं आणि वाट बघायची. आपल्याकडे राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डचं खोज होतं. सत्यम इन्फोवेने १९९९ मध्ये इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतलं तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर काम झालं नाही. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ ही यादी माझी विशेष आवडती. तिथल्या मराठी विभागात एक नोंद स्वीकारली गेली की पुरस्कार मिळाल्यासारखं वाटायचं. ती २०१७ च्या मार्चमध्ये बंद झाली, याहूची त्याआधी २०१४ मध्येच. माणसाने वाचून, निवडून लावलेली ती कपाटं होती. त्यांच्या जागी जे आलं ते अफाट आहे, सोयीचं आहे, पण तिथे आपलं पान कुणी वाचल्याची खात्री नसते. ही उणीव मला जाणवते आणि जाणवत राहील.

अर्जाची जागा आता साइटमॅपने घेतली आहे. हा शब्द आमच्या वेळीही होता, पण ते माणसासाठी केलेलं दुव्यांचं पान असायचं. यंत्रासाठीचा साइटमॅप गूगलने २००५ मध्ये आणला आणि पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टने तोच मसुदा मान्य केला. एका फाइलीत पन्नास हजारांपर्यंत पत्ते मावतात. वर्डप्रेस ही फाइल आता आपणहून तयार करतं. तरी त्यावर विसंबू नये. पुतणीच्या साइटवर झाडांच्या पानांपर्यंत जायला एकच वाट होती, 'झाड निवडा' अशी खाली उघडणारी यादी. यंत्र अशा यादीतून निवड करत बसत नाही. ते दुव्यावरून दुव्यावर जातं. मी तिला सांगितलं, दिवाळी अंकाला असते तशी अनुक्रमणिका कर. एका पानावर सगळ्या झाडांची नावं, प्रत्येक नावाला दुवा, आणि सुरंगीच्या पानावरून नागकेशराच्या पानाकडे दुवा. आमच्या १९९९ च्या साइटवर जे थोडं बरोबर होतं ते हेच होतं.

पत्त्यांचा घोळ तेव्हापासून आजवर तसाच आहे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एक, न लावता दुसरा, एचटीटीपीने तिसरा, एचटीटीपीएसने चौथा. घर एक आणि दारावर चार पाट्या. एक पत्ता कायमचा ठरवायचा आणि उरलेले तीन ३०१ ने त्याच्याकडे वळवायचे. एकच मजकूर दोन पत्त्यांवर ठेवणं भागच असेल, तर खरा कुठला हे सांगायला २००९ पासून कॅनॉनिकलचा टॅग आहे. कुलपासाठी, म्हणजे एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रासाठी, आम्ही वर्षाला डॉलर मोजायचो. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ते फुकट देतं. पत्ता देवनागरीत ठेवावा का, असं पुतणीने विचारलं. ठेवता येतो, यंत्राला चालतो. फक्त पत्ता पाठवताना कित्येकदा प्रत्येक देवनागरी खुणेची टक्केचिन्हांसकट नऊ चिन्हं होतात आणि 'सुरंगी'च्या सहा खुणांची चोपन्न. लोक त्यावर टिचकी मारायला बिचकतात. मी तिला रोमनमध्ये छोटा पत्ता आणि आत भरभरून मराठी, असं सुचवलं.

वेगाच्या बाबतीत मात्र आमचा काळ शिस्तीचा होता, हे मी ठामपणे म्हणेन. छप्पन केबीपीएसच्या मोडेमवर सेकंदाला फार तर पाच-सहा किलोबाइट यायचे. चाळीस किलोबाइटांच्या वर पान गेलं तर आमचे वरिष्ठ परत पाठवत. चित्राची रुंदी-उंची लिहिली नाही तर बोलणी बसत, कारण चित्र उतरताना मजकूर उड्या मारायचा. पुतणीने फोनवर काढलेला सुरंगीचा फोटो तसाच चढवला होता, चार मेगाबाइटचा. त्या मोडेमवर तो उतरायला दहा-बारा मिनिटं लागली असती. आज गूगल म्हणतं की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर दोनशे मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा आणि मजकूर हलू नये. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या गोष्टी आम्ही गरजेपोटी पाळत होतो. तिचं गिऱ्हाईकही घाटात, एक काडी रेंज असलेल्या फोनवर साइट उघडणार आहे. फोटो दीडशे किलोबाइटांवर आणला. पाकळ्यांत काही उणं दिसलं नाही.

सगळ्यात खटकलं ते दरपत्रक. रोपांचे दर, कधी लावायची, किती अंतरावर, हा सगळ्यात उपयोगी मजकूर तिने सुंदर पोस्टर करून चित्र म्हणून लावला होता. फॉन्टचा गोंधळ टाळायला १९९९ मध्ये कित्येक मराठी साइट्स अख्खं पान चित्र करून चढवायच्या. तेव्हा नाइलाज होता. आता नाही. मंदिरांच्या साइट्स, शाळांच्या साइट्स, खानावळींच्या साइट्स, सगळीकडे आज मराठी मजकूर पुन्हा चित्रांत जाऊन बसतो आहे. चित्रातलं वाचण्याची ताकद यंत्रांना थोडीफार आली असली तरी त्या भरवशावर आपला मजकूर ठेवू नये. शिवाय डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातीही ते दरपत्रक लागत नाही. पुतणीने दोन संध्याकाळी बसून ते सगळं टाइप केलं.

गेल्या वर्षी त्या संपादकांच्या मुलीने मला शोधून काढलं. संपादक आता नाहीत. १९९९ च्या अंकाची साइट केव्हाच बंद पडली, डोमेनही गेलं. तिच्याकडे एक सीडी उरली होती. मी फायली उघडल्या, तोच चिवडा. फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर लावलं, पण ऱ्हस्व वेलांट्या सगळ्या चुकीच्या अक्षरावर गेल्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं. 'किरण' आणि 'सूर्य' दोन्ही बिघडतात, वेगवेगळ्या दिशांनी. नऊ दिवस बसून एकेक पान वाचून दुरुस्त केलं. लेखकांची, काहींच्या वारसांची परवानगी तिने घेतली आणि अंक पुन्हा साइटवर चढवला. त्यानंतर आठव्या दिवशी एका कथेतलं अर्धं वाक्य मी गूगलमध्ये मराठीत टाइप केलं आणि ती कथा पहिल्या जागी आली.

तुमच्या घरी, संस्थेत, छापखान्यात जुन्या फॉन्टमधल्या अशा फायली असतील. सीडी अजून वाचता येते आहे तोवर त्या उतरवून घ्या, युनिकोडमध्ये आणा, आणि वेलांट्या डोळ्यांनी तपासा.